आतून वाटणं आणि विचार करून ठरवणं : ऐकायचं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय की एखादा निर्णय घेताना आतून जे वाटतं ते, म्हणजे इंट्युइशन, आणि तर्काने पायरीपायरीने विचार करून काढलेला निष्कर्ष, यात नेमका फरक काय आणि दोघं एकमेकांच्या उलट बोलायला लागले तर ऐकायचं कोणाचं. विचारणाऱ्याने शेवटी एक ओळ जोडलीय, "माझं मन सांगतं ते बहुतेक वेळा खरंच ठरतं, मग उगाच डोकं कशाला शिणवायचं?" त्या ओळीकडे मी नंतर येतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

मी फिजिशियन आहे, पंचवीसेक वर्षं कॅज्युअल्टी आणि आयसीयूत गेली, त्यातली निम्मी रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर पोरांना शिकवण्यात. मानसशास्त्रज्ञ नाही. पण आमच्या कामात हा प्रश्न रात्री अडीच वाजता पेशंटच्या रूपात समोर येऊन बसतो आणि उत्तर चुकलं तर कधी सकाळपर्यंत कळतं, कधी कळतच नाही, आणि हे न कळणं जास्त वाईट आहे, ते का ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. काळीज एक सांगतं आणि डोकं दुसरं, हे कवितेत ठीक आहे. प्रत्यक्षात दोन्ही कामं डोकंच करतं. एक काम ते आपल्याला दाखवून करतं आणि दुसरं न दाखवता, एवढंच. हे मला पुस्तकातून नाही, एका सिस्टरकडून कळलं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची रात्रपाळी. पन्नाशीचा माणूस, तासाभरापासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ. बीपी ठीक, नाडी ठीक, ईसीजी काढला तर नॉर्मल. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते, तेही नॉर्मल. (आता काही तासांनी ट्रोपोनिन पुन्हा केल्याशिवाय सहसा कोणी सोडत नाही, तेव्हा आमच्याकडे ती शिस्त नव्हती.) मी ॲसिडिटी लिहून घरी सोडायच्या बेतात, पेन कागदावर टेकवलेलं, आणि सिस्टर म्हणाल्या, "सर, यांना सोडू नका. मला हे बरे दिसत नाहीयेत."

"का?"

"ते नाही सांगता येणार."

खरं सांगतो, मला राग आला. सगळे रिपोर्ट समोर आहेत आणि ही बाई म्हणते सांगता येणार नाही. पण त्यांनी त्या वॉर्डात माझ्या दुप्पट वर्षं काढलेली, म्हणून कटकट नको या भावनेने म्हटलं ठीक आहे, वीस मिनिटांनी परत ईसीजी काढा. वीस मिनिटांनी काढला तर हृदयाच्या खालच्या भिंतीचा आलेख दाखवणाऱ्या तिन्ही लीडमध्ये एसटी नावाचा भाग वर चढलेला. सरळसरळ हार्ट अटॅक. मग जी धावपळ व्हायची ती झाली, माणूस वाचला.

पहाटे सगळं निवल्यावर मी त्यांना परत विचारलं की तुम्ही पाहिलंत तरी काय. आधी "असंच वाटलं हो" एवढंच. मी पिच्छा सोडला नाही तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. आत आला तेव्हा बायकोशी काहीतरी थट्टा करत होता, नंतर एकदम गप्प झाला. एसी चालू असून वरच्या ओठावर घाम होता. पडल्यापडल्या तीनदा कूस बदलली पण कशानेच आराम पडेना, आणि हात पोटावर जायच्या ऐवजी दरवेळी थोडा वर जायचा. बीपीचा पट्टा बांधताना हात कोमट होता, सोडताना गार लागला.

आता हे नीट बघा. हा पूर्ण युक्तिवाद आहे. पाच पुरावे आहेत, पाचही एकाच दिशेने बोट दाखवतायत, आणि निष्कर्ष बरोबर आहे. फक्त तो त्यांच्या डोक्यात त्यांनाही न कळता मांडला गेला आणि त्यांच्या हाती आलं ते फक्त शेवटचं वाक्य, "बरे दिसत नाहीयेत." गणिताच्या पेपरात एखादा मुलगा नुसतं उत्तर लिहितो आणि पायऱ्या लिहीत नाही, तसं. उत्तर बरोबर असू शकतं, पण मार्क द्यायचे कशाचे?

माझ्या मते फरक हाच आहे. तर्काने काढलेल्या उत्तराच्या पायऱ्या कागदावर असतात, त्यामुळे दुसरा कोणीही येऊन ताळा करू शकतो, तिसऱ्या पायरीवर चुकलास म्हणून सांगू शकतो. इंट्युइशनचा आतून ताळा करता येत नाही. ती फक्त बाहेरून तपासता येते, म्हणजे आजवर किती वेळा म्हणाली आणि किती वेळा तसं झालं, एवढंच. बाकी वेगवान-संथ, भावनिक-थंड वगैरे जे सांगतात ते सगळं यातूनच येतं किंवा त्याला फारसा अर्थ नसतो. (मानसशास्त्रात आपोआप होणाऱ्या विचाराला सिस्टिम वन आणि मुद्दाम सावकाश केलेल्या विचाराला सिस्टिम टू अशी नावं आहेत, स्टॅनोविच आणि वेस्ट या मानसशास्त्रज्ञांनी वापरलेली आणि नंतर डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञामुळे सगळीकडे पोचलेली. नावं सोयीची आहेत, पण मेंदूत असे दोन डबे शेजारीशेजारी ठेवलेत असं कोणी समजू नये, मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.)

मग पायऱ्या न दाखवता उत्तर येतं कुठून? यावर सगळ्यात सुंदर प्रयोग बुद्धिबळावर झालाय. १९७३ साली चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंना खऱ्या डावातली मधली स्थिती ५ सेकंद दाखवली आणि मग रिकाम्या पटावर ती मांडायला सांगितली. मास्टर खेळाडूने बहुतेक मोहरी बरोबर लावली, नवख्याला चार-पाचच जमली. आता वाटेल की मास्टरची स्मरणशक्ती दांडगी. तर नाही. तीच मोहरी पटावर वाट्टेल तशी विस्कटून ठेवली तर मास्टर आणि नवखा जवळजवळ एकाच पातळीवर आले. म्हणजे मास्टरला सुटी मोहरी आठवत नव्हती, ओळखीच्या रचना दिसत होत्या, आपल्याला शब्द दिसतो, अक्षरं एकेक करून वाचावी लागत नाहीत, तसं. हर्बर्ट सायमनचं म्हणणंच होतं की इंट्युइशन म्हणजे ओळख पटणं, त्यात गूढ काही नाही. सिस्टरना त्या रात्री एक रचना ओळखू आली. मला आली नाही कारण मी रिपोर्ट वाचत होतो आणि त्या पेशंट वाचत होत्या.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग झालं तर, अनुभवी माणसाच्या मनाला येईल ते खरं. थांबा. आता माझा किस्सा.

तिशीतली बाई, रात्री अकराला आणली. धाप लागलेली, छातीत धडधड, हाताला मुंग्या, रडू थांबत नव्हतं. घरात मोठं भांडण झालेलं. त्याच आठवड्यात मी पॅनिक अटॅकच्या तीन केस पाहिलेल्या, तिन्ही अशाच. मला दारातच कळलं. कळलं म्हणजे काय, त्या सिस्टरना कळलं होतं अगदी तसंच, पायऱ्या नाहीत, शंका नाही, एकदम लख्ख. रेसिडेंट म्हणाला, "सर, सॅच्युरेशन त्र्याण्णव दाखवतंय." (म्हणजे बोटाला प्रोब लावून मोजतात तो रक्तातला ऑक्सिजन, आणि त्र्याण्णव म्हणजे कमीच.) मी म्हटलं, हात गार पडलेत, प्रोब नीट बसला नसेल. तो म्हणाला नाडी एकशे अठरा आहे. मी म्हटलं, रडतीये ना ती, मग अजून काय असणार. समजूत घातली, गोळी दिली, घरी.

पहाटे पाचला परत आणली, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली म्हणून. सीटी केला तर दोन्ही फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या. पाच दिवसांपूर्वी तिच्या पायाचं प्लास्टर काढलेलं, महिनाभर पाय हललाच नव्हता, तिथे गुठळी झाली आणि वर सरकली. मी पायाबद्दल विचारलंच नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण मला माहीत होतं ना! ती वाचली, हे माझं नशीब, यात माझं कर्तृत्व काही नाही.

सिस्टरची खात्री आणि माझी खात्री आतून हुबेहूब सारखी होती. तीच चव, तोच जोर. एक तीस वर्षांच्या निरीक्षणातून आली होती आणि दुसरी त्या आठवड्यातल्या तीन केसमधून, पण आतून बघताना त्यांच्यावर तसं लेबल लावलेलं नसतं. खात्री किती वाटते यावरून ती किती खरी हे कळत नाही. या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन.

अजून एक गोष्ट त्या रात्रीत आहे. "हात गार पडलेत, प्रोब नीट बसला नसेल." हे वाक्य ऐकायला किती तर्कशुद्ध आहे! गार हातावर रीडिंग चुकतं हे खरंच आहे, पुस्तकात आहे. म्हणजे मी तर्क वापरला, पण निकाल आधी लागलेला आणि तर्काला नंतर वकील म्हणून उभं केलेलं. मायकल गॅझानिगा या मेंदूशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक विलक्षण गोष्ट दाखवली. मिरगीच्या उपचारासाठी मेंदूच्या दोन अर्धांमधला पूल कापलेला एक पेशंट. त्याच्या डाव्या मेंदूला, म्हणजे बोलणाऱ्या अर्ध्याला, कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फ साचल्याचं चित्र. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने, जो उजवा मेंदू चालवतो, फावडं, बर्फ उपसायला. फावडं का निवडलं विचारल्यावर बोलणाऱ्या अर्ध्याला बर्फाचा पत्ताच नव्हता, पण तो अडला नाही, लगेच म्हणाला की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटलं. आपण जेव्हा "मी नीट विचार करून ठरवलं" म्हणतो तेव्हा त्यातलं किती खुराडं साफ करणं असतं हे देव जाणे. त्यामुळे तर्क आणि इंट्युइशनचं भांडण लावताना समोरचा तर्क खरा आहे की भाड्याचा वकील आहे हे आधी बघावं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, हा आकडा उलट आला असता तर मी मत बदललं असतं का? त्या रात्री सॅच्युरेशन नव्याण्णव आलं असतं तर मी म्हटलं असतं बघ, पॅनिकच आहे. त्र्याण्णव आलं तर प्रोब खराब. दोन्हीकडून मीच जिंकणार असेन तर तो विचार नव्हेच.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे तर जिथे इंट्युइशन जवळपास सगळ्यांचीच फसते ती जागा दाखवतो. एक आजार आहे, हजारात १ माणसाला असतो. एक टेस्ट आहे, निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांनाही ती चुकून पॉझिटिव्ह येते. एखाद्याला काहीही लक्षण नाही, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याला आजार असायची शक्यता किती? १९७८ साली हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये ६० जणांना, विद्यार्थी, रेसिडेंट आणि शिकवणारे डॉक्टर धरून, हाच प्रश्न विचारला. जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के सांगितलं. बरोबर उत्तर ६० पैकी ११ जणांना आलं.

कागदावर घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. हजार माणसं उभी करा. आजार खरा असलेला त्यात एक, त्याला टेस्ट पॉझिटिव्ह येतेच असं धरा. उरलेल्या ९९९ चे ५ टक्के म्हणजे साधारण ५० जण, त्यांना काही नसताना पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यातला खरा आजारी १. म्हणजे २ टक्क्यांच्या आसपास. ९५ आणि २! आणि हे चुकलेले लोक बिनडोक नव्हते. मन टेस्टकडे बघतं, कारण ती समोर आहे, आणि हजारातल्या त्या ९९९ जणांकडे बघत नाही कारण ते खोलीत नाहीत. वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करूनही हे आपोआप सुधारत नाही, मी अजूनही हे मनात करत नाही, पेन काढतो. मात्र एक आहे, टक्केवारी सोडून "हजार माणसं उभी करा" असं केलं की तेच गणित एकदम सोपं होतं, गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. म्हणजे मन हट्टी नाही, त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं.

मग कुठली इंट्युइशन धरायची आणि कुठली सोडायची? याचं मला पटलेलं उत्तर एका भांडणातून आलंय. डॅनियल कानमन आयुष्यभर इंट्युइशन कशी फसते ते दाखवत आले. गॅरी क्लाइन हे दुसरे मानसशास्त्रज्ञ, ते अग्निशमन दलाचे कमांडर, नर्सेस अशा लोकांचा अभ्यास करून ती किती अचूक असते ते दाखवत आले. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून वाद घातला आणि २००९ मध्ये जोडीने लेख लिहिला, मतभेद करण्यात आम्ही अपयशी ठरलो अशा अर्थाच्या मथळ्याचा. दोघांचं एकमत यावर झालं की माणूस किती आत्मविश्वासाने बोलतो ते बघू नका, तो शिकला कुठे ते बघा. ज्या कामात गोष्टी ठरावीक पद्धतीने घडतात, आणि आपण चुकलो हे लवकर आणि स्पष्ट कळतं, तिथे मनाला खरं शिक्षण मिळतं. भूल देणाऱ्या डॉक्टरला चूक मिनिटात कळते, मॉनिटर ओरडतो. एक्स-रे वाचणाऱ्याला पेशंटचं पुढे काय झालं ते बऱ्याचदा कधीच कळत नाही. दोघांना वीस वर्षांचा अनुभव असेल, पण एकाची वीस वर्षं आणि दुसऱ्याची वीस वर्षं सारखी नाहीत. शेअर बाजाराचा लांबचा अंदाज, राजकारणाचा अंदाज, एका मुलाखतीत माणूस ओळखणं, इथे तर धडा एवढ्या उशिरा आणि एवढा गढूळ होऊन येतो की मन शिकतं ते भलतंच शिकतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याच्या वजनाचे तज्ज्ञ होतो.

कॅज्युअल्टी यातली विचित्र जागा आहे. जो दाखल होतो त्याचं काय झालं ते कळतं. ज्याला मी घरी पाठवला तो बरा झाला की दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की अजून काही, मला पत्ता नाही. म्हणजे "हा सिरियस आहे" या माझ्या अंदाजाला शाळा मिळाली आणि "याला काही नाही" या अंदाजाला मिळालीच नाही, तो तसाच अडाणी राहिला आणि गंमत म्हणजे आत्मविश्वास त्यालाच जास्त! त्या बाईच्या केसनंतर हे माझ्या डोक्यात शिरलं. तेव्हापासून मी दोन्ही अंदाजांना सारखं वागवत नाही. काहीतरी चुकतंय असं आतून आलं तर कारण न विचारता ऐकतो, अजून एक तपासणी, अजून अर्धा तास, फार तर फुकट जाईल. सगळं ठीक आहे असं आतून आलं तर मात्र त्याला पायऱ्या मागतो. नाडी का वाढलीये, सांग. सॅच्युरेशन का कमी आहे, सांग. नाही सांगता आलं तर पेशंट थांबतो.

याला थोडा आधारही आहे. बेल्जियमच्या फ्लॅंडर्स भागात आजारी मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. तपासणीनंतर डॉक्टरांनी ज्यांना गंभीर काही नाही असं ठरवलं अशी ३,३६९ मुलं होती, त्यातली ६ पुढे गंभीर इन्फेक्शनने दाखल झाली. काही मुलांच्या बाबतीत डॉक्टरांनी कागदावर ठीक लिहिलं तरी आतून काहीतरी खटकतंय अशी नोंद केलेली. त्या खटकण्यावर पाऊल उचललं असतं तर सहापैकी २ मुलं निसटली नसती, आणि त्यासाठी ४४ वेळा विनाकारण धावपळ झाली असती. आता हा सौदा बरा की वाईट हे तुम्ही ठरवा, मला तर बराच वाटतो. आणि डॉक्टरांना आतून खटकायला एक मोठं कारण काय ठरलं, तर आईबापांचं म्हणणं की हे नेहमीच्या आजारपणासारखं नाही. म्हणजे डॉक्टरचा आतला आवाज बऱ्याच अंशी आईचा होता, हे मला फार आवडलं.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण आमच्या बिरादरीला ही झोंबते. पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये तज्ज्ञाचं मत विरुद्ध साधं सूत्र, म्हणजे ठरावीक गोष्टींची यादी आणि त्यांची बेरीज, अशी तुलना करणारे अभ्यास गोळा केले आणि सूत्र जवळपास सगळीकडे बरोबरीत किंवा पुढे निघालं. २००० साली १३६ अभ्यास एकत्र तपासले गेले तरी चित्र तेच, माणूस स्पष्टपणे पुढे गेला अशी उदाहरणं थोडी. हुशार तज्ज्ञ एका यादीकडून हरतो याचं कारण यादी थकत नाही, तिने गेल्या आठवड्यात तीन पॅनिक अटॅक पाहिलेले नसतात. मीलनेच याला अपवादही सांगितला, तो मोडलेल्या पायाचा म्हणून प्रसिद्ध आहे. एक गृहस्थ दर आठवड्याला ठरल्या दिवशी सिनेमाला जातात असं सूत्र सांगतं, पण आज त्यांचा पाय मोडलाय हे तुम्हाला माहीत आहे, तर सूत्र सोडा. खरं आहे, पण मग प्रत्येक जण प्रत्येक केसमध्ये मोडलेला पाय शोधायला लागतो. माझ्या बाबतीत तर उलटच झालं, पाय खरोखर प्लास्टरमध्ये होता आणि यादीनेच तो पकडला असता. फुप्फुसातल्या गुठळीसाठी वेल्स स्कोअर म्हणून यादी आहे, त्यात नाडी शंभरच्या वर आहे का आणि गेल्या ४ आठवड्यांत हालचाल बंद होती का, हे दोन्ही प्रश्न आहेत. मी ती काढली नाही, कारण यादी शंका आलेला माणूस काढतो आणि मला शंका नव्हती.

एकत्र कसं वापरायचं यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट दवाखान्यातली नाहीच. १९५५ मध्ये कानमन २१ वर्षांचे होते आणि इस्रायली सैन्यात होते. तिथे मुलाखती घेऊन कोण कुठल्या कामाला योग्य हे ठरवलं जायचं आणि त्या अंदाजांचा उपयोग शून्य निघत होता. त्यांनी पद्धत बदलली, सहा गुण ठरवले, प्रत्येकाबद्दल ठरलेले प्रश्न, आणि एक गुण संपवून मार्क दिल्यावरच पुढचा. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करून टाकताय म्हणाले. तेव्हा त्यांनी तडजोड म्हणून सांगितलं की सहाही मार्क देऊन झाले की डोळे मिटा, त्या माणसाला सैनिक म्हणून डोळ्यापुढे आणा आणि मनाला वाटेल तो एक आकडा द्या. नवी पद्धत जुन्यापेक्षा बरीच चांगली निघाली हे अपेक्षित होतं, पण डोळे मिटून दिलेला तो आकडाही सहा मार्कांच्या बेरजेइतकाच चांगला निघाला, हे त्यांनाही अपेक्षित नव्हतं. तेच लोक, तेच मन. आधी विचारलं तर कुचकामी, सगळं बघून झाल्यावर विचारलं तर कामाचं. मी रेसिडेंटना हल्ली हेच करायला लावतो, आधी नाडी, श्वास, सॅच्युरेशन, काय काय विचारलं, सगळं लिहून काढ, निदानाचा शब्द काढायचा नाही, आणि मग पेन खाली ठेवून सांग, तुला काय वाटतं?

आता ती ओळ, "माझं मन सांगतं ते बहुतेक वेळा खरंच ठरतं." असेलही. पण हे तुम्हाला कसं कळलं? आठवून ना? आठवणीत बरोबर आलेले अंदाज राहतात, चुकलेल्यांची आपण मागाहून दुरुस्ती करतो, "मला तेव्हाच शंका होती" असं म्हणून. मलाही वाटायचं माझे अंदाज बहुतेक बरोबर असतात. म्हणून एक खिशातली डायरी केली. पेशंट पाहिल्यावर पहिल्या मिनिटात जे वाटलं ते एका शब्दात, शेजारी खात्री दहापैकी किती, आणि मागाहून खरं काय निघालं. घरी पाठवलेल्यांना दोन दिवसांनी फोन करून विचारायचं, तेवढं पथ्य पाळलं नाही तर डायरीला अर्थ नाही. पहिल्या सहा महिन्यांत मला माझाच राग आला. चक्कर येणाऱ्या पेशंटबद्दल मी दहापैकी नऊ लिहून सर्रास चुकत होतो, आणि तापाच्या पेशंटबद्दल पाच-सहा लिहून बऱ्याचदा बरोबर. म्हणजे मन एक नसतं, प्रत्येक विषयाचं वेगळं असतं, एक शिकलेलं, एक अडाणी. तुमचा निर्णय नोकरीचा असो, माणसांचा असो, पैशाचा असो, लिहा, तारीख टाका, खात्रीचा आकडा टाका आणि वर्षाने उघडा. मग कुठलं मन ऐकायचं ते मला विचारावं लागणार नाही.

परवा रात्री एक रेसिडेंट आला. चाळिशीचा पेशंट, छातीत किंचित टोचतंय, सगळं नॉर्मल. "सर, मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये." मी विचारलं काय दिसतंय. म्हणाला, "ते सांगता येत नाही." म्हटलं ठीक आहे, थांबवून ठेव, अर्ध्या तासाने परत ईसीजी काढ, आणि ट्रोपोनिनही वेळेवर परत पाठव. परत नॉर्मल. तिसऱ्यांदा काढला, तोही नॉर्मल. रात्रभर बसवून ठेवलं म्हणून पेशंट आमच्यावर वैतागला, सकाळी सही करून घरी गेला. पोराचा चेहरा पडलेला. मी त्याला त्याची डायरी काढायला लावली आणि त्याने लिहिलं, "खटकलं, खात्री सात, काही निघालं नाही." दोन दिवसांनी फोन केला तेव्हा तो माणूस ऑफिसात होता, मीटिंगमध्ये आहे म्हणाला, नंतर बोलतो.